जुने बँड, नवे अल्बम आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की पन्नाशी ओलांडलेल्या हार्ड रॉक बँडने नवा अल्बम काढला की तुम्हाला काय वाटतं, आनंद होतो का पोटात गोळा येतो. इतके मेल आलेत की सगळे छापणं शक्यच नाही, म्हणून ज्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात असे निवडलेत. काही पत्रं फार लांब होती ती थोडी कापली आहेत, राग मानू नका. मेटल आणि हार्ड रॉक यांची सरमिसळ तुम्ही सगळ्यांनीच केलीय, मीही तशीच राहू दिलीय.

प्रश्न: ताई, नवीन अल्बम येणार म्हटलं की महिनाभर आधीपासून माझ्या अंगात येतं, आणि एकदा ऐकून झालं की सगळी हवा जाते. एसी/डीसीचा 'पॉवर अप' आला तेव्हा हेच झालं, सगळं आधी ऐकल्यासारखं. बरं, दुसऱ्या कुठल्या बँडने वेगळं काही केलं तर मीच चिडतो की हे कशाला केलं. मला नक्की काय पाहिजे तेच कळेनासं झालंय.
एक वाचक, पुणे

उत्तर: तुमची शेवटची दोन वाक्यं थोड्याफार फरकाने निम्म्या मेलमध्ये आहेत, त्यामुळे एकटं वाटून घेऊ नका. जुनंच वाजवलं तर कंटाळा येतो आणि नवं वाजवलं तर फसवल्यासारखं वाटतं, आणि या दोन्हीच्या मधे बिचाऱ्या बँडला उभं राहायला जागाच उरत नाही.

एसी/डीसीपुरतं बोलायचं तर त्यांच्याकडून वेगळेपणा मागणं मला पटतच नाही. १९७३ मध्ये सिडनीत माल्कम आणि अँगस यंग या दोघा भावांनी बँड सुरू केला तेव्हापासून त्यांनी एकच गोष्ट घासूनपुसून चोख केलीय, दोन गिटार, सरळ बीट, मधे भरपूर मोकळी जागा. पण 'पॉवर अप' कुठल्या परिस्थितीत झाला ते आठवा जरा. माल्कमला डिमेन्शिया झाला, २०१४ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये गेला. २०१६ च्या टूरमध्ये गायक ब्रायन जॉन्सनला डॉक्टरांनी सांगितलं की आता थांबला नाहीस तर कान कायमचे जातील, म्हणून उरलेल्या शोला गन्स एन' रोझेसचा गायक अ‍ॅक्सल रोझ गायला. बासवाला क्लिफ विल्यम्स रिटायर झाला होता, ड्रमर फिल रड कोर्टकचेऱ्यांत अडकून बाहेर गेला होता. म्हणजे बँड संपलाच होता म्हणा ना. तिथून ही सगळी माणसं परत एकत्र आली, माल्कमच्या जागी पुतण्या स्टीव्ही, आणि २०१८ मध्ये व्हँकुव्हरला ब्रेंडन ओब्रायन या प्रोड्युसरबरोबर रेकॉर्डिंग केलं. अल्बमवरच्या बाराच्या बारा गाण्यांना अँगस आणि माल्कम अशी दोघांचीच नावं आहेत, कारण भाऊ एकत्र बसून वाजवायचे तेव्हाच्या साठवून ठेवलेल्या रिफ्समधून, म्हणजे गिटारवर परत परत येणाऱ्या छोट्या सुरावटींमधून, अँगसने ती गाणी उभी केली. तुम्हाला ते आधी ऐकल्यासारखं वाटलं यात तुमचा कान अजिबात चुकलेला नाही, रिफ लिहिणारा हातच तो होता.

आता एक करून बघा. चांगले हेडफोन लावा आणि एसी/डीसीचा कुठलाही अल्बम ऐका. एका कानात अँगस असतो आणि दुसऱ्या कानात रिदम गिटार. अँगसकडे मुद्दाम दुर्लक्ष करा आणि फक्त दुसरा कान धरून ठेवा. 'बॅक इन ब्लॅक'मध्ये तिथे माल्कम आहे, 'पॉवर अप'मध्ये स्टीव्ही. स्टीव्हीने काकाची ती कॉर्ड मारून लगेच तोडायची पद्धत जशीच्या तशी उचललीय, तरी दोन-तीन गाणी ऐकली की फरक कळायला लागतो, आणि तो एकदा कळला की तुम्हाला या अल्बमचा कंटाळा येणार नाही असं मला मनापासून वाटतं.

माझी अपेक्षा विचाराल तर मी बँडला नवं काय केलं हे विचारत नाही, जे हातात घेतलंय ते किती घट्ट बांधलंय ते बघते. २००८ चा 'ब्लॅक आइस' आठ वर्षांनी आला होता, सगळे नाचत होते, पण पंधरा गाणी आणि जवळजवळ पाऊण-एक तास, मला त्यातली चार-पाच गाणी सरळ भरतीची वाटतात. 'पॉवर अप' एक्केचाळीस मिनिटांत आटोपतो. माल्कम नसताना, कान गेलेले असताना, त्यांनी आधीपेक्षा जास्त शिस्तीत काम केलंय आणि त्याचं श्रेय त्यांना मिळायला हवं.

प्रश्न: मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन' रोझेस बघितले. २०१२ ला आले होते तेव्हा गिटारवाला स्लॅश नव्हता, यावेळी अ‍ॅक्सल, स्लॅश आणि बासवाला डफ तिघं एका स्टेजवर, स्वप्न पूर्ण झालं. पण २०१६ पासून एकत्र आहेत आणि अजून धड नवीन अल्बम नाही! जी गाणी काढली तीही म्हणे जुनी, गोदामातली. हे फॅन्सना गृहीत धरणं नाही का?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तुमचा राग समजतो, कारण या बँडच्या फॅन्सइतकी वाट कोणीच बघितली नसेल. १९९१ मध्ये 'यूज युअर इल्यूजन'चे दोन्ही भाग एकाच दिवशी आले, १९९३ ला दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक अल्बम आला आणि मग स्वतःची नवीन गाणी घेऊन 'चायनीज डेमॉक्रसी' आला तो थेट नोव्हेंबर २००८ ला. सतरा वर्षं! तोवर मूळ माणसांपैकी एकटा अ‍ॅक्सल उरला होता, गिटारवाले येत होते जात होते, बकेटहेड, रॉबिन फिंक, बंबलफूट, आणि जो यायचा तो आधीच्याच्या थरावर आपला एक थर चढवून जायचा. २००५ मध्येच न्यूयॉर्क टाइम्सने छापलं होतं की खर्च १ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात गेलाय.

तो अल्बम वाईट नाही, हे मी आग्रहाने सांगते. त्यातली काही गाणी फार मेहनतीने रचलेली आहेत आणि अ‍ॅक्सलचा आवाज कमाल लागलाय. पण एवढी वर्षं वाट बघितल्यावर फॅनच्या डोक्यात आपला स्वतःचा एक अल्बम तयार झालेला असतो, आणि त्याच्याशी कुठलाच खरा अल्बम जिंकू शकत नाही. शिवाय लोकांना पाहिजे होता १९८७ चा 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन', म्हणजे पाच भुकेली पोरं एका खोलीत, आणि समोर आलं एका माणसाने वर्षानुवर्षं दार लावून केलेलं काम. ते त्याच्याच नावाने आलं असतं तर मला वाटतं लोकांनी डोक्यावर घेतलं असतं.

आता गोदामाचं. २०२१ ला आलेली 'अ‍ॅब्सर्ड' आणि 'हार्ड स्कूल' ही दोन्ही गाणी 'चायनीज डेमॉक्रसी'च्याच काळातल्या मालातून निघाली हे खरं आहे, 'अ‍ॅब्सर्ड'चं आधीचं रूप तर बँड २००१ मध्ये लाइव्ह वाजवत होता. पण जुना माल वापरणं म्हणजे फसवणूक हे मला मान्य नाही. रोलिंग स्टोन्सचा १९८१ चा 'टॅटू यू' जवळजवळ सगळा सत्तरच्या दशकातल्या अर्धवट रेकॉर्डिंगमधून जोडलेला आहे आणि तो त्यांच्या गाजलेल्या अल्बमपैकी एक. व्हॅन हेलनने २०१२ मध्ये जुना गायक डेव्हिड ली रॉथला परत घेऊन 'अ डिफरंट काइंड ऑफ ट्रूथ' काढला, त्यातली बरीच गाणी सत्तरच्या दशकातल्या डेमोवरून, म्हणजे कच्च्या रेकॉर्डिंगवरून, उचललेली होती, पहिलं गाणं बाहेर आलं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, पण अख्खा अल्बम आला आणि गिटारवाल्या एडी व्हॅन हेलनने ज्या त्वेषाने वाजवलंय ते ऐकून तीच माणसं गप्प झाली. पुढे २०२० मध्ये एडी गेला, तो अल्बम शेवटचा ठरला, आणि आज कोणी म्हणत नाही की त्यात जुनी गाणी का घेतली.

तेव्हा गाणं कधी लिहिलं हे सोडून द्या. स्लॅशने त्या गाण्यात नवीन काय वाजवलंय ते ऐका. 'हार्ड स्कूल'मध्ये त्याचा सोलो येतो तिथे गाणं एकदम उजळतं. आणि स्लॅश अल्बम काढत नाही असंही नाही, गायक माइल्स केनेडीबरोबरचं त्याचं काम चालूच आहे, २०२२ ला '४' आला, २०२४ ला ब्लूजचा वेगळा अल्बम आला. गन्सचा नवा अल्बम यावा असं मलाही फार वाटतं, पण तिघांना एकत्र बसून गाणं लिहावंसं वाटलं तरच यावा, फॅन्स ओरडतात म्हणून नको.

प्रश्न: डीप पर्पलमध्ये आता पहिल्यापासूनचा फक्त ड्रमर उरलाय. गिटारवाला ब्लॅकमोर नाही, ऑर्गनवाले जॉन लॉर्ड नाहीत, गायक गिलनचा आवाज पूर्वीचा राहिला नाही. माझं म्हणणं सन्मानाने थांबावं. तुम्हाला काय वाटतं?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: मला अगदी उलट वाटतं.

इयन पेस एकटाच १९६८ पासून आहे हे बरोबर. ब्लॅकमोर १९९३ ला टूर अर्धवट टाकून गेला, त्यानंतर स्टीव्ह मोर्स आला आणि ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळून होतील त्यापेक्षा जास्त वर्षं टिकला. २०२२ मध्ये घरच्या आजारपणासाठी तो थांबला, मग बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड आला. जॉन लॉर्ड २००२ ला निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉन एअरी. तर हा बँड पहिल्यापासूनच माणसं बदलत आलाय, ज्याला आपण खरा डीप पर्पल म्हणतो तीसुद्धा दुसरी लाइनअप होती.

आवाजाचं म्हणाल तर गिलनने 'चाइल्ड इन टाइम' रेकॉर्ड केलं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्या किंकाळ्या आता तो मारत नाही, ते गाणं गेली वीसेक वर्षं लाइव्ह गातच नाही, आणि जुलै २०२४ मध्ये '=१' नावाचा अल्बम आला तेव्हा तो अठ्ठ्याहत्तरचा होता. सवाई गंधर्वला उतारवयात भीमसेनजी गायला बसायचे तेव्हा आपल्याकडच्या रसिकाने तरुणपणीची तान मागितली नाही, आवाज जिथे लागतोय तिथे बसून ते काय दाखवतात हे ऐकायला लोक रात्रभर थांबले. रॉकच्या फॅनला हे जमत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. गिलन आता मधल्या पट्टीत गातो, शब्द नीट चावून, गोष्ट सांगितल्यासारखा, आणि गाणी त्याच्या आजच्या आवाजावर बेतून लिहिलेली असतात. म्हणून स्टेजवर जुनं गाणं म्हणताना तो कधी कधी दमलेला वाटतो आणि नवीन अल्बमवर अजिबात वाटत नाही. म्हातारा बँड नवीन गाणी का लिहितो याचं एक सरळ कारण मला यात दिसतं, जुनी गाणी पंचविशीतल्या शरीरासाठी लिहिलेली असतात.

यात प्रोड्युसर बॉब एझ्रिनचा मोठा वाटा आहे. २००५ नंतर आठ वर्षं बँडने काहीच काढलं नव्हतं, मग २०१३ मध्ये त्याच्याबरोबर 'नाऊ व्हॉट?!' केला आणि तेव्हापासून दर अल्बमला तोच आहे. पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' करून बसलेला माणूस, म्हाताऱ्या दिग्गजांना तोंडावर नाही म्हणू शकतो. असा कोणी खोलीत असणं फार गरजेचं असतं, नाहीतर तीस वर्षं सगळे हो म्हणणारेच भेटलेले असतात. जॉन लॉर्ड जुलै २०१२ मध्ये गेले आणि या अल्बममध्ये त्यांच्यासाठी 'अनकॉमन मॅन' नावाचं गाणं आहे, सुरुवातीला गिटार आणि ऑर्गन कितीतरी वेळ नुसते एकमेकांची चौकशी करत राहतात आणि मग गाणं उभं राहतं. ते एकदा शांतपणे ऐका आणि मग सांगा की २००२ ला थांबायला हवं होतं का.

प्रश्न: मी सध्या लंडनजवळ राहतो. इथे शोमध्ये नवीन गाणं सुरू झालं की अर्धी गर्दी बिअर आणायला जाते, मीही जातो. एवढं महागाचं तिकीट काढून मला माझी गाणी ऐकायचीत, यात चूक काय?
एक वाचक, इंग्लंड

उत्तर: चूक काहीच नाही, पैसे तुमचे. पण आयर्न मेडनचं उदाहरण घ्या. २००६ मध्ये त्यांचा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' आला आणि त्या टूरला त्यांनी तो अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, जुनी गाणी शेवटी मोजकीच. बऱ्याच जणांना ते आवडलं नाही, ओरडाआरडा झाला. पुढच्या वर्षी त्यातली निम्मी गाणी काढून जुनी आणली. आणि १ फेब्रुवारी २००८ ला त्यांची वर्ल्ड टूर आपल्या मुंबईत सुरू झाली, बीकेसीच्या मैदानावर, गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत जगभर फिरला तीच ही टूर, तेव्हा सेटलिस्ट, म्हणजे वाजवायच्या गाण्यांची यादी, जवळजवळ सगळी ऐंशीच्या दशकातली होती. मुंबईला ते मिळालं याचा मला अतोनात आनंद आहे कारण मुंबईत ती गाणी मेडनकडून कोणी कधी समोर ऐकलीच नव्हती. पण मेडनने २००६ मध्ये जे केलं त्यालाही मी तेवढाच मान देते. ज्या बँडला आपल्या नव्या गाण्यांसाठी शिव्या खायची तयारी आहे तो बँड अजून काम करतोय.

आणि उलट टोकही आहे. एसी/डीसीने २०२४ च्या युरोप टूरला 'पॉवर अप'मधली दोनच गाणी ठेवली. एवढ्या कष्टाने केलेल्या अल्बमची फक्त दोन! मला ते कमी वाटलं. मेडनने २०२३ ला जे केलं, २०२१ चा 'सेन्जुत्सु' आणि १९८६ चा 'समव्हेअर इन टाइम' असे दोन अल्बम एकत्र गुंफून सेटलिस्ट, ती रचना मला सगळ्यात आवडते. पुढच्या वेळी बिअर आधीच आणून ठेवा आणि एक नवीन गाणं उभं राहून ऐका, बस एवढंच.

प्रश्न: मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' मला गाणी म्हणून खूप आवडतो पण पूर्ण ऐकला की डोकं दुखतं. माझे कान खराब आहेत का?
एक वाचक, नागपूर

उत्तर: कान उत्तम आहेत तुमचे. २००८ चा तो अल्बम सीडीवर जास्तीत जास्त मोठा वाजावा म्हणून इतका दाबलाय की हळू आणि मोठा यातला फरकच उरलेला नाही, ड्रमचा ठोका पडतो तिथे ध्वनिलहरीची टोकं कापली जातात आणि चरचर ऐकू येते. गंमत म्हणजे त्याच वेळी 'गिटार हीरो' या गेममध्ये हीच गाणी आली ती इतकी दाबलेली नव्हती, फॅन्सनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली आणि अल्बम परत मिक्स करा म्हणून हजारो सह्यांची मागणी केली. फॅन्सची अपेक्षा शंभर टक्के रास्त असलेली ही केस आहे. २००३ च्या 'सेंट अँगर'वरच्या डबा वाजल्यासारख्या स्नेअर ड्रमबद्दल आणि गायब झालेल्या गिटार सोलोंबद्दल मी एवढं ठामपणे बोलणार नाही, तो त्यांचा त्या वेळचा निर्णय होता, आवडो न आवडो. पण आवाज फाटणं हा निर्णय नाही, तो दोष आहे. आवाज कमी करून, एका वेळी तीन-चारच गाणी ऐका. २०१६ चा 'हार्डवायर्ड' त्या मानाने कानाला पुष्कळ बरा आहे.

प्रश्न: मी सतरा वर्षांची आहे. ज्युडस प्रिस्टचा 'इन्विन्सिबल शील्ड' हा मी ऐकलेला त्यांचा पहिला अल्बम आणि मला तो वेडा आवडला. पण क्लासमधले सीनियर्स म्हणतात की नवीन प्रिस्ट आवडणारे खरे फॅन नाहीत, आधी सत्तर-ऐंशीचं ऐकून ये. मग मी कोण?
एक वाचक, नाशिक

उत्तर: तू फॅन आहेस, आणि फार चांगल्या दारातून आत आलीस. तुला माहितीये का, त्या अल्बमवर जो गिटार वाजवतोय तो रिची फॉकनर १९८० साली जन्मला, म्हणजे ज्या वर्षी प्रिस्टचा 'ब्रिटिश स्टील' आला त्याच वर्षी! २०११ मध्ये तो बँडमध्ये आला आणि २०२१ मध्ये अमेरिकेत एका शोमध्ये गिटार वाजवता वाजवता त्याची हृदयाजवळची मुख्य रक्तवाहिनी फाटली, तरी त्याने गाणं पूर्ण केलं, मग दहा तासांच्या आसपास ऑपरेशन चाललं आणि तो वाचला. दुसरा गिटारवाला ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स आहे, २०१८ पासून तो पूर्ण टूर करू शकत नाही पण गाणी लिहिण्यात आहे. आणि मार्च २०२४ ला हा अल्बम आला तेव्हा रॉब हॅलफर्ड बहात्तर वर्षांचा होता आणि पहिल्याच गाण्यात वरच्या पट्टीत जाऊन गातो. या सगळ्यांनी हा अल्बम तुझ्यासारख्या पोरीने पहिल्यांदा ऐकावा म्हणूनच केला असणार, सीनियर्सनी तपासावा म्हणून थोडाच केला.

जुनं ऐकच, पण कोणी सांगतं म्हणून घाबरून नको. माझं ऐकशील तर आता एक पायरी मागे जा, २०१८ चा 'फायरपॉवर', तो तुला लगेच ओळखीचा वाटेल. मग एकदम १९९० चा 'पेनकिलर', रात्री नको, घरच्यांची झोपमोड होईल. त्यानंतर 'ब्रिटिश स्टील', तो साधा आणि छोटा वाटेल पण त्यातल्या रिफ्स दोन दिवस डोक्यात राहतात. आणि सगळ्यात शेवटी १९७६ चा 'सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी', त्यात पियानो आहे, हळू गाणी आहेत, हा तोच बँड का असं वाटेल. चारही झाले की यातला कुठला आवडला नाही ते मला कळव, आणि का आवडला नाही तेही सविस्तर लिही, ते पत्र मी न कापता छापीन.